मायएसक्यूएल ८.० वरून ८.४: आधी लॉगिन बदला, मग सर्व्हरला हात लावा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात जिनिंगवाल्याकडं सर्व्हर म्हणजे काय, तर काट्याच्या खोलीत टेबलाखाली ठेवलेला एक डेस्कटॉप, वरून रुईची धूळ, बाजूला यूपीएस ज्याची बॅटरी मागच्याच हंगामात गेली. त्याच्यावर मायएसक्यूएल, म्हणजे वजनं-हिशोबाचा सगळा डेटा सांभाळणारं डेटाबेस सॉफ्टवेअर, अन् त्याला जोडलेल्या तीन-चार मशिनी. एक काट्यावर गाडीचं वजन घेते, एक दिवाणजीकडं कास्तकाराची पट्टी काढते, एक मालकाच्या केबिनमध्ये. सगळीकडं यूजर एकच, रूट, म्हणजे सगळ्या परवानग्या असलेला मुख्य यूजर. पासवर्डही एकच, अन् तो काट्याच्या भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवलेला. मी तालुक्यातल्या अशा पाच-सहा ठिकाणचे कॉम्प्युटर पाहतो, त्यातून जे शिकलो ते सांगून राहिलो.

विषय असा की मायएसक्यूएल ८.० चा सपोर्ट एप्रिल २०२६ पर्यंतच. त्याच्या पुढचं टिकाऊ व्हर्जन म्हणजे ८.४, जे ३० एप्रिल २०२४ ला आलं अन् ज्याला एकूण आठ वर्षं सपोर्ट आहे. ५.७ तर ऑक्टोबर २०२३ मध्येच संपलं, पण अजून कितीतरी ठिकाणी चालूच आहे. अपडेट करायला तसं अर्धा तास लागते. पण करून झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर गाड्यांची रांग अन् सॉफ्टवेअर म्हणते लॉगिन होत नाही. कारण एकच, ८.४ मध्ये जुन्या पद्धतीचं पासवर्ड तपासणं मुळातच बंद करून ठेवलं आहे. म्हणून या लेखात मी उलट क्रमानं जातो, आधी जुन्या ८.० वरच सगळे लॉगिन नव्या पद्धतीवर आणा अन् मगच सर्व्हर बदला. ८.० वर दोन्ही पद्धती चालतात, त्यामुळं तिथं चूक झाली तरी धकते. ८.४ वर गेल्यावर नाही धकत.

दोन गोष्टी आधीच सांगतो. कमांड मी इथं मराठी अक्षरात लिहितोय, वाचून समजाव्या म्हणून, टाइप करताना इंग्रजी स्पेलिंगनंच करा, यूजरची नावंही. अन् दुसरं, तुमच्याकडं झॅम्प (वेब सर्व्हर अन् डेटाबेस एकत्र टाकणारं पॅकेज) टाकलेलं असेल तर त्याच्यात मायएसक्यूएल नाही, मारियाडीबी असते, वरून नाव मायएसक्यूएल दिसते तरी. पहिले हे पाहून घ्या:

सिलेक्ट व्हर्जन();

उत्तरात मारियाडीबी असं दिसलं तर हा लेख तुमच्यासाठी नाही, तिकडचे नियम वेगळे. ५.७ दिसलं तर थेट ८.४ वर उडी मारता येत नाही, मध्ये ८.० वर थांबावंच लागते.

वेळ कोणती धरायची

दिवाळीनंतर कापूस यायला लागला की कोणी हात लावू नका. मार्चनंतर गाड्या कमी होतात, पण तेव्हा दिवाणजी वर्षाच्या हिशोबात असते अन् त्याला कॉम्प्युटर सोडवत नाही. माझा अनुभव, पोळ्याच्या मागं-पुढं जिन बंद असते, मालकही निवांत, तेव्हा दोन दिवस मागून घ्या. लॉगिन बदलायचं काम मात्र त्याच्याही आधी, महिनाभर हळूहळू करत राहा.

कोण कशानं आत येते ते पहा

रूटनं आत जाऊन हे चालवा:

सिलेक्ट यूजर, होस्ट, प्लगइन फ्रॉम मायएसक्यूएल.यूजर;

तिसऱ्या रकान्यात प्लगइन, म्हणजे पासवर्ड तपासायची पद्धत, दिसते. मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड असं ज्याच्या पुढं आहे तो जुना, कॅशिंग_शा२_पासवर्ड ज्याच्या पुढं आहे तो नवा. ८.० नव्यानं टाकलं असेल तर नवे यूजर आपोआप नव्या पद्धतीचे झाले असतील, पण ५.७ वरून चढवलेल्या ठिकाणी सगळेच जुने दिसतील, काऊन की अपग्रेड करताना सर्व्हर कोणाचीही पद्धत स्वतःहून बदलत नाही. अन् बऱ्याच जागी सॉफ्टवेअरवाल्यानं मुद्दाम जुनी पद्धत लावून ठेवलेली असते, त्याचं ड्रायव्हर, म्हणजे सॉफ्टवेअरला मायएसक्यूएलशी जोडणारा तुकडा, जुनं म्हणून.

जुनी पद्धत काऊन वाईट? त्याच्यात पासवर्डची शा१ हॅश (पासवर्डवरून बनवलेला, उलटा न फिरवता येणारा ठसा) दोनदा काढून ठेवतात, त्याच्यात मीठ, म्हणजे प्रत्येकासाठी मिसळलेली वेगळी अक्षरं, नाही, म्हणजे दोघांचा पासवर्ड सारखा असला तर टेबलात हॅशही तंतोतंत सारखी दिसते. नव्या पद्धतीत प्रत्येकासाठी वेगळं मीठ अन् शा२५६ चे ५००० फेरे, एखाद्यानं डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर नेला तरी पासवर्ड काढायला त्याला घाम फुटते. आता तुमचा पासवर्डच भिंतीवर लिहिला असेल तर मीठ काय अन् मिरची काय, पण त्याच्यावर पुढं येतो.

यादी झाली की एरर लॉग पहा. विंडोजवर तो प्रोग्रामडेटा फोल्डरात मायएसक्यूएलच्या डेटाखाली कॉम्प्युटरच्या नावानं असते, शेवटी डॉट ईआरआर. प्रोग्रामडेटा फोल्डर लपलेला असते, ॲड्रेस बारमध्ये नाव टाइप करून जावं लागते. ८.०.३४ पासून जुन्या पद्धतीनं कोणी लॉगिन केलं की त्यात इशारा पडते की ही पद्धत जाणार आहे. हा इशारा माझ्या दृष्टीनं सगळ्यात कामाचा, काऊन की टेबलात दहा यूजर दिसतात पण त्यातले सहा कोणी वर्षानुवर्षं वापरलेलेच नसतात. लॉग सांगते की जुनी पद्धत खरंच अजून वापरात आहे का नाही.

ड्रायव्हर तपासल्याशिवाय बदलू नका

सर्व्हरवर यूजर बदलणं सोपं, पण समोरचं सॉफ्टवेअर नवी पद्धत बोलू शकते का हे आधी पहा. पीएचपीवाल्यांनी ७.४ किंवा त्याच्या वरचं व्हर्जन असल्याची खात्री करा. जावावाल्यांनी कनेक्टर ८ मालिकेचं घ्या. व्हीबी ६ मध्ये बनवलेली काट्याची सॉफ्टवेअरं अजून भरपूर आहेत, ती ओडीबीसीवर, म्हणजे विंडोजच्या डेटाबेस जोडायच्या पद्धतीवर, चालतात, त्यात ३.५१ किंवा ५.१ असलं जुनं ड्रायव्हर असेल तर ते काढून ८.० चं टाका, अन् ३२ बिटचंच टाका, विंडोज ६४ बिटचं असलं तरी. मी एकदा ६४ बिटचं टाकून दोन तास डोकं धरून बसलो होतो, कंट्रोल पॅनलमध्ये टेस्ट पास होते अन् सॉफ्टवेअरला ड्रायव्हर दिसतच नाही. ३२ बिटचं ओडीबीसी सेटिंग वेगळ्या जागी उघडते, विंडोज फोल्डरातल्या सिसवाव६४ मध्ये. नाव उलटं आहे, ६४ लिहिलेल्या फोल्डरात ३२ बिटची वस्तू, त्याला काही इलाज नाही. डीएसएन, म्हणजे ओडीबीसीत साठवलेली जोडणीची नोंद, बनवलेला असेल तर त्यात ड्रायव्हरचं नावही बदलावं लागते, नुसतं नवं टाकून भागत नाही.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा, तो पहिले म्हणेल आमच्याकडून काही बदलत नाही. त्याला ड्रायव्हरचं व्हर्जन विचारा, नुसतं सॉफ्टवेअरचं नका विचारू.

आता यूजर बदला, पण सगळे एकदम नाही

सरळ कमांड ही आहे:

अल्टर यूजर 'हिशोब'@'१९२.१६८.१.%' आयडेंटिफाइड विथ कॅशिंग_शा२_पासवर्ड बाय 'पासवर्ड';

पासवर्ड तोच जुना ठेवला तरी चालते, पण पुन्हा टाइप करावाच लागते, जुन्या हॅशवरून नवी हॅश बनवता येत नाही.

इथं एक खड्डा आहे ज्याच्यात मी पडलो. मायएसक्यूएलमध्ये ८.०.१४ पासून एका यूजरला दोन पासवर्ड ठेवता येतात, जुना अन् नवा दोन्ही चालतात, म्हणजे चार मशिनी निवांत एकेक करून बदला. मला वाटलं हेच वापरू. पण पद्धत बदलताना हे चालत नाही. प्लगइन बदलून सोबत जुना पासवर्ड ठेव म्हटलं तर कमांडच एरर देते, अन् आधीचा दुसरा पासवर्ड असेल तर प्लगइन बदलल्याबरोबर तोही जाते. म्हणजे एका यूजरवर तीन मशिनी असतील तर ज्या क्षणी तुम्ही एंटर दाबलं त्या क्षणी ज्याचं ड्रायव्हर जुनं ती मशीन आडवी.

म्हणून मी असं करतो. जुन्या यूजरला हातच लावायचा नाही, बाजूला नवा यूजर नव्या पद्धतीचा बनवायचा, अन् एकेक मशीन त्याच्यावर न्यायची. काटा आज, दिवाणजी परवा, मालक सवडीनं. सगळे गेले की जुना यूजर पुसायचा नाही, पहिले कुलूप लावायचं:

अल्टर यूजर 'जुना'@'%' अकाउंट लॉक;

आठ-पंधरा दिवस कोणी बोंबललं नाही तर मग काढा. काढताना कधीकधी सर्व्हर नाही म्हणते, किंवा रूटसारख्या पूर्ण परवानगीच्या यूजरला नुसता इशारा देऊन काढून टाकते, काऊन की त्या यूजरच्या नावानं प्रोसिजर किंवा व्ह्यू (डेटाबेसातच साठवलेल्या कमांडी) बनवलेले असतात, म्हणजे तो त्याचा डिफायनर असते. ८.०.२२ पासून ही अडवणूक आहे अन् चांगलीच आहे. नुसतं कुलूप लावलेलं असलं तर त्या प्रोसिजर चालत राहतात, यूजर पुसला तर त्या बंद पडतील. डिफायनर बदलायचे नसतील तर कुलूप लावून सोडून द्या, काही बिघडत नाही.

अन् नवे यूजर बनवायचेच आहेत तर रूटच्या जागी वेगळे बनवा

एवढी मेहनत करून पुन्हा सगळ्यांना एकच यूजर दिला तर मग काय मतलब. काट्यावरच्या पोट्ट्याला वजन टाकता आलं पाहिजे, कास्तकाराची पट्टी पुसता आली नाही पाहिजे. एका जिनात पंधरा क्विंटलची एक नोंद गायब झाली अन् कोणी केली ते शेवटपर्यंत समजलं नाही, सगळेच रूट, लॉगमध्येही रूटच. मालकानं काट्यावरच्या पोट्ट्याला काढलं. त्यानंच केलं होतं का, माहीत नाही.

८.० पासून रोल, म्हणजे परवानग्यांचे गठ्ठे, आले आहेत, त्यात हे सोपं जाते. डेटाबेसचं नाव जिन धरतो:

क्रिएट रोल 'काटा_रोल', 'हिशोब_रोल';
ग्रँट सिलेक्ट, इन्सर्ट ऑन जिन.वजन टू 'काटा_रोल';
ग्रँट सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट ऑन जिन.* टू 'हिशोब_रोल';
क्रिएट यूजर 'काटा१'@'१९२.१६८.१.%' आयडेंटिफाइड बाय 'पासवर्ड';
ग्रँट 'काटा_रोल' टू 'काटा१'@'१९२.१६८.१.%';

आता इथं नव्वद टक्के लोक अडकतात. रोल दिला, यूजर आत येते, पण टेबल दिसत नाही, परवानगी नाही म्हणते. कारण रोल दिला म्हणजे चालू झाला असं नाही, तो चालू करावा लागते:

सेट डिफॉल्ट रोल ऑल टू 'काटा१'@'१९२.१६८.१.%';

किंवा सगळ्यांसाठी एकदाच ॲक्टिव्हेट_ऑल_रोल्स_ऑन_लॉगिन हे सेटिंग ऑन करा, ते मुळात ऑफ असते. मी लहान जागी हेच ऑन करून टाकतो, दर नव्या यूजरला लक्षात ठेवण्याची भानगड नाही.

जुन्या सवयीचे लोक ग्रँटच्याच ओळीत पासवर्ड टाकायचे, ते ८.० पासून बंद आहे, आधी क्रिएट यूजर अन् मग ग्रँट. सॉफ्टवेअरवाल्याची जुनी इन्स्टॉल स्क्रिप्ट इथंच फेल जाते.

पासवर्ड सुचत नसेल तर आयडेंटिफाइड बाय रँडम पासवर्ड असं लिहा, सर्व्हर स्वतः २० अक्षरांचा बनवून एकदाच दाखवते, तेव्हाच सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये चिकटवा. हा माणसानं टाइप करायचा नाहीच, मशीनच्या कॉन्फिग फाइलमध्ये राहणार, मग भिंतीवर लिहायचा प्रश्नच मिटते. अन् यूजरला कॉमेंट लावता येते, ८.०.२१ पासून, अल्टर यूजर अमुक कॉमेंट 'काट्याची मशीन, खिडकीजवळची'. दोन वर्षांनी तुम्हीच विसरता कोणता यूजर कशाचा. पाहायची असेल तर इन्फर्मेशन_स्कीमा.यूजर_ॲट्रिब्यूट्स या टेबलात दिसते.

चुकीचा पासवर्ड टाकून पाहणाऱ्यांसाठी ८.०.१९ पासून कुलूप आहे:

अल्टर यूजर 'मालक'@'१९२.१६८.१.%' फेल्ड_लॉगिन_अटेम्प्ट्स ५ पासवर्ड_लॉक_टाइम १;

लागोपाठ पाच चुका झाल्या की एक दिवस बंद. वेळ दिवसातच मोजते, तास-मिनिट नाही. हे मी माणसं जे हातानं टाइप करतात त्यांनाच लावतो, मशीनच्या यूजरला नाही, काऊन की कुठंतरी कोपऱ्यातल्या मशीनमध्ये जुना पासवर्ड राहिला असेल तर ती दर मिनिटाला धडका देत राहते अन् चालू मशीनीचंही अकाउंट बंद पाडते. उघडायचं असेल तर अल्टर यूजर अमुक अकाउंट अनलॉक. अन् ही मोजणी मेमरीत असते, सर्व्हर रीस्टार्ट झाला की शून्यावर. म्हणजे आमच्याकडं लाईट गेली की कुलूपही गेलं.

लाईट गेल्यावरच न चालणारं लॉगिन

हे सविस्तर सांगतो, काऊन की मला समजायला तीन चकरा लागल्या. एका जिनात जावाचं सॉफ्टवेअर, यूजर नव्या पद्धतीवर आणला, सगळं नीट चाललं. चार दिवसांनी फोन, भाऊ सॉफ्टवेअर सुरू होऊन नाही राहिलं, पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड म्हणते. मी पस्तीस किलोमीटर गाडी चालवत गेलो, सर्व्हरवर बसलो, वर्कबेंच, म्हणजे मायएसक्यूएल पाहायचं टूल, उघडलं, सॉफ्टवेअरच्याच यूजरनं आत गेलो, टेबल पाहिले, सगळं ठीक. म्हटलं आता चालू करून पहा. चाललं! मालक म्हणे तुझ्या हातात जादू आहे बावा. आठवड्यानं पुन्हा तेच. पुन्हा गेलो, वर्कबेंच उघडलं, पुन्हा चाललं. तिसऱ्यांदा मी दिवाणजीला विचारलं की हे नेमकं कधी होते, तो म्हणे लाईट येऊन गेल्यावर.

नव्या पद्धतीच्या नावातच उत्तर आहे, कॅशिंग. पहिल्यांदा लॉगिन करताना पूर्ण पासवर्ड सर्व्हरकडं जावा लागते, अन् तो उघड्या तारेवर जाऊ देत नाहीत, टीएलएस, म्हणजे कुलूपबंद कनेक्शन, पाहिजे किंवा सर्व्हरची पब्लिक की घेऊन त्यात बंद करून पाठवला पाहिजे. एकदा ते जमलं की सर्व्हर मेमरीत नोंद ठेवते अन् त्याच्यानंतर त्या यूजरचं लॉगिन झटपट होते, तेव्हा टीएलएस नसलं तरी धकून जाते. सर्व्हर बंद-चालू झाला की ही नोंद पुसते. फ्लश प्रिव्हिलेजेस मारलं तरी पुसते, त्या यूजरचा पासवर्ड बदलला तरी पुसते.

आता त्या सॉफ्टवेअरच्या कनेक्शनच्या ओळीत यूजएसएसएल=फॉल्स असं होतं, कोणीतरी केव्हातरी एरर आली म्हणून टाकलेलं. म्हणजे टीएलएस नाही, अन् पब्लिक की मागायची परवानगीही मुळात नसते. नोंद मेमरीत असेपर्यंत चालते, लाईट गेली, मशीन बंद, नोंद गेली, सॉफ्टवेअर अडकलं. माझं वर्कबेंच टीएलएसनं आत जायचं, नोंद भरायची, अन् सॉफ्टवेअर त्याच नोंदीवर फुकटात आत. जादू एवढीच.

इलाज: ती यूजएसएसएल=फॉल्स ओळ काढा, त्याच्या जागी एसएसएलमोड=रिक्वायर्ड टाका. सर्टिफिकेट विकत घ्यायची गरज नाही, सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना स्वतःच बनवून डेटा फोल्डरात ठेवते. ८.०.२८ पासून टीएलएस १.० अन् १.१ काढून टाकलं आहे, त्यामुळं फार जुन्या जावावर हे जमणार नाही, तिथं नाइलाजानं अलाउपब्लिककीरिट्रीव्हल=ट्रू टाका. त्यात मधल्या मध्ये कोणी खोटी की देऊन पासवर्ड घेऊ शकते हा धोका आहे. सॉफ्टवेअर त्याच मशीनवर असेल तर मी चालवून घेतो, वायफायवरून येत असेल तर नाही.

अन् नंतर टेस्ट करताना हे लक्षात ठेवा: बदल केला, चाललं, म्हणून घरी जाऊ नका. मायएसक्यूएलची सर्व्हिस रीस्टार्ट करा, वर्कबेंच बंद ठेवा, अन् मग प्रत्येक मशीनवरून पहिलं लॉगिन करून पहा.

आता सर्व्हर

एवढं झालं की ८.४ चं काम किरकोळ राहते. पहिले डम्प, म्हणजे सगळ्या डेटाची एका फाइलमध्ये नक्कल, घ्या:

मायएसक्यूएलडम्प -यू रूट -पी --सिंगल-ट्रान्झॅक्शन --रूटीन्स --इव्हेंट्स --ऑल-डेटाबेसेस --रिझल्ट-फाइल=डी:\आधीचा.एसक्यूएल

रूटीन्स अन् इव्हेंट्स लिहिलं नाही तर प्रोसिजर येत नाहीत. रिझल्ट-फाइल मुद्दाम लिहिलं, काऊन की पॉवरशेलमध्ये बाणाच्या खुणेनं फाइल काढली तर ती युटीएफ-१६ मध्ये बनते अन् परत चढत नाही. जुन्या बॅच फाइलमध्ये मायएसक्यूएलपंप असेल तर ते ८.४ मध्ये काढून टाकलं आहे, डम्पच वापरा.

मग मायएसक्यूएल शेल टाकून त्याच्यातून यूटिल.चेकफॉरसर्व्हरअपग्रेड() चालवा, टार्गेट व्हर्जन ८.४ देऊन. जे अडणार ते आधीच सांगते. त्याच्या जोडीला माय.आयएनआय, म्हणजे सर्व्हरच्या सेटिंगची फाइल, डोळ्यांनी पहा. त्यात डिफॉल्ट_ऑथेंटिकेशन_प्लगइन अशी ओळ असेल तर काढा, ८.४ मध्ये ते सेटिंगच नाही अन् अनोळखी ओळ दिसली की सर्व्हर उठतच नाही. त्याच्या जागी ऑथेंटिकेशन_पॉलिसी आहे, पण आपल्याला ती लिहायची गरज नाही, मुळातलंच बरोबर आहे. एक्स्पायर_लॉग्स_डेज हीसुद्धा गेली, आता बिनलॉग_एक्स्पायर_लॉग्स_सेकंद्स, मुळात ३० दिवस. लहान डिस्क असेल तर सात दिवस करा, म्हणजे ६०४८००, नाहीतर बिनलॉगनंच, म्हणजे डेटातल्या बदलांच्या नोंदीच्या फाइलींनीच, सी ड्राइव्ह भरते.

त्यानंतर एकदा सेट ग्लोबल इनोडीबी_फास्ट_शटडाउन = ० करून सर्व्हिस थांबवा, पूर्ण थांबू द्या, अन् बंद अवस्थेत सगळा डेटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. हे चुकवू नका. ८.४ नं एकदा तो फोल्डर उघडला की ८.० परत उघडत नाही.

विंडोजवर ८.० चं जे इन्स्टॉलर होतं त्यात ८.४ मिळत नाही, ८.४ ची वेगळी एमएसआय फाइल असते, ती चालवली की शेवटी कॉन्फिगरेटर उघडते अन् जुन्या ८.० च्या डेटावरच अपग्रेड करायचं का विचारते. हो म्हणा. मायएसक्यूएल_अपग्रेड नावाची कमांड शोधू नका, ती काढली आहे, सर्व्हर पहिल्यांदा उठताना सिस्टीमचे टेबल स्वतःच सुधारते. त्या वेळेला लाईट जायला नको. मी जनरेटर चालू करूनच बसतो.

उठला नाही तर ती डॉट ईआरआर फाइल वाचा, शेवटच्या दहा ओळी. फाइलची सेटिंग तपासायला मायएसक्यूएलडी --व्हॅलिडेट-कॉन्फिग आहे, सर्व्हर न उठवता सांगते कोणती ओळ खटकते.

अन् एवढं करूनही रूटच जुन्या पद्धतीचा राहून गेला, आत जाता येत नाही, प्लगइन लोड नाही म्हणते, एरर १५२४, तर घाबरू नका. माय.आयएनआय मध्ये मायएसक्यूएलडी च्या खाली एक ओळ टाका:

मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड=ऑन

सर्व्हिस रीस्टार्ट करा, जुने लॉगिन पुन्हा चालतात. आता कितीतरी जण हीच ओळ टाकून बिल घेऊन निघून जातात. ही कुबडी आहे. जुलै २०२४ च्या ९.० मध्ये तर हे प्लगइन पूर्णच काढलं, तिथं ही ओळही कामाची नाही. आत जा, राहिलेले यूजर बदला, ओळ काढा.

चालू झाल्यावर दोन-तीन सेटिंग

सेटिंग बदलायला आता दरवेळी फाइल उघडायची गरज नाही. सेट पर्सिस्ट मॅक्स_कनेक्शन्स = २०० असं लिहिलं की लगेच लागूही होते अन् रीस्टार्टनंतर राहतेही, डेटा फोल्डरातल्या मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफ मध्ये लिहिलं जाते. लक्षात असू द्या की ती फाइल माय.आयएनआयच्या वरचढ असते, उद्या तुम्ही माय.आयएनआय मध्ये बदलाल अन् काऊन लागू होत नाही म्हणून बसाल. परत घ्यायचं असेल तर रीसेट पर्सिस्ट.

मॅक्स_कनेक्शन्स मुळात १५१ असतात, एखादं सॉफ्टवेअर कनेक्शन उघडून बंदच करत नाही, मग टू मेनी कनेक्शन्स येते अन् तुम्हालाही आत जाता येत नाही. त्यासाठी मागचं दार ठेवा. माय.आयएनआय मध्ये ॲडमिन_ॲड्रेस=१२७.०.०.१ टाका, रीस्टार्ट करा, आता ३३०६२ पोर्टवर वेगळं दार उघडं राहते, त्याला कनेक्शनची मर्यादा नाही. आत यायला सर्व्हिस_कनेक्शन_ॲडमिन ही परवानगी लागते. हे दार त्याच मशीनपुरतं ठेवा, बाहेर उघडू नका.

८.४ मध्ये एक बारीक पण कामाची परवानगी आली, फ्लश_प्रिव्हिलेजेस. आधी एवढ्याशा कामासाठी रीलोड द्यावी लागे, ज्याच्यात बाकीही बरंच काही येते. सेट_यूजर_आयडी ही जुनी परवानगी गेली अन् तिचे दोन तुकडे झाले, सेट_एनी_डिफायनर अन् अलाउ_नॉनएक्झिस्टंट_डिफायनर. प्रोसिजर दुसऱ्याच्या नावानं बनवणाऱ्या सॉफ्टवेअरलाच हे लागते.

बॅकअपचा यूजर वेगळा करा, त्याला सिलेक्ट, शो व्ह्यू, ट्रिगर, इव्हेंट, लॉक टेबल्स एवढं. ८.०.२१ पासून डम्पला प्रोसेस ही परवानगीही लागते, द्यायची नसेल तर कमांडमध्ये --नो-टेबलस्पेसेस लिहा. पेनड्राइव्हवर बॅकअप घेणाऱ्या बॅच फाइलमध्ये रूटचा पासवर्ड उघडा लिहिलेला मी किती ठिकाणी पाहिला याला गणती नाही.

अन् मघाचे ते दोन पासवर्ड, त्यांचा खरा उपयोग आता. सगळे नव्या पद्धतीवर आले, आता कोणी नोकरी सोडून गेलं की पासवर्ड बदला:

अल्टर यूजर 'हिशोब१'@'१९२.१६८.१.%' आयडेंटिफाइड बाय 'नवा' रिटेन करंट पासवर्ड;

मशिनी एकेक करून बदला, दोन दिवस लागले तरी काम थांबत नाही. शेवटची मशीन झाली की अल्टर यूजर अमुक डिस्कार्ड ओल्ड पासवर्ड. हे शेवटचं विसरलात तर गेलेल्या माणसाचा पासवर्ड चालूच आहे, अन् बाहेरून ते दिसतही नाही.

आता फक्त सुरुवातीची प्लगइनची यादी पुन्हा एकदा काढा. जुन्या पद्धतीचं एकही नाव दिसत नसेल तर माय.आयएनआयमधली ती कुबडीची ओळ खोडा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, वर्कबेंच न उघडता काट्यावरून एक खोटी गाडी वजन करून पहा, दिवाणजीला एक पट्टी काढायला लावा, अन् निघायच्या आधी भिंतीवरचा तो पेन्सिलचा पासवर्ड खोडरबरनं पुसून घ्या.